मी एकही आकडा गाळला नाही

नसीम, तुझ्या जियारतीच्या दिवशी तुझ्या अम्मीनं मला सरळच विचारलं, "वैशाली, तुमी दोघी भांडला व्हता काय गं?" घर बायकांनी भरलेलं होतं. डोक्यावर ओढण्या घेऊन सगळ्या हलक्या आवाजात कुराण पढत होत्या आणि मी भिंतीला पाठ लावून, चहाची कपबशी धरून बसले होते. मी म्हणाले, "आवं खाला, आमचं कसलं भांडण?"

तुला जाऊन तीन दिवस झाले होते आणि मी तुझ्याच घरात बसून तुझ्या आईशी खोटं बोलले. तिच्याशी खोटं बोलण्याची माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ तुला माहीत आहे, ती थाप आपण दोघींनी मिळून मारली होती.

मातीला मी आले नाही हेही तुला कळलं असेलच. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या मुलींचा तास घेत होते. डेंगी, चार दिवस, मिरजेचा दवाखाना, असरच्या नमाजाआधी न्यायचंय, एवढं तो एका दमात बोलला. कोरेगावहून सांगली काही चंद्रावर नाही, तशीच उठून निघाले असते तर पोचले असते. मी तास पुरा केला. मग दप्तर आवरलं, मग उगाच कपाट आवरलं. मला भीती कशाची होती सांगू? तुझं तोंड बघायची.

दुपारी आपल्या जुन्या मल्लखांब खेळाडूंच्या ग्रुपवर सरांनी तुझा फोटो टाकला. तू पंधरा वर्षांची, दोरीवर, दोन्ही हात पसरलेले, दात दाखवत हसतेयस. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘माझी गुणी शिष्या गेली.’ त्याखाली सगळ्यांनी जोडलेले हात टाकले. मीही टाकले. विचार करायला वेळच लागला नाही, अंगठ्याला सवय झालेली असते.

आपण दहा वर्षांच्या असताना साताऱ्याच्या त्या मल्लखांबाच्या निवासी केंद्रात एकाच दिवशी दाखल झालो. मी म्हसवडच्या पलीकडची, अंगानं काटकी आणि भाषेनं अडाणी. माझा बाप फौजी. त्यानं सरांना कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "साहेब, पोरगी तुमच्या ताब्यात. लाड करू नका." तू आलीस ती हळदीनं पिवळा पडलेला स्टीलचा डबा छातीशी धरून. तुझ्या पेटीतले कपडेसुद्धा हळदीचा वास मारायचे. पोरी तुला चिडवायच्या तर तू म्हणायचीस, "चांगलं हाय की, लग्नात येगळी लावाय नगं."

दोरीच्या मल्लखांबाला सुरुवातीला रडत नाही अशी मुलगी मी अजून पाहिलेली नाही. छतापासून लोंबणारी सुती दोरी, तिला ना गाठ ना आधार. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात ती धरायची आणि वर जायचं. पहिल्या महिन्यात बेचक्यातलं कातडं सोलून निघतं. एकदा आपण दोघी पाण्याच्या टाकीशी पाय धूत बसलो होतो. तू माझ्या पायाकडं बघितलंस, आपल्या पायाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "तुजं बी रगत तितनंच आलंय, माजं बी. आता आपन सख्ख्या." त्या दिवसापासून मी तुझी वैशी झाले. मला तोवर घरीसुद्धा कुणी लाडाचं नाव ठेवलेलं नव्हतं.

सर वाईट आहेत असं तेव्हा मला कधी वाटलं नाही. आजही ‘वाईट’ हा शब्द लिहिताना हात अडखळतो. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. दोरीवरून उतरताना पाय कसा ठेवायचा हे त्यांनी स्वतः जमिनीवर पालथं पडून दाखवलं होतं. आणि हेच सर रोज सकाळी आपल्याला काट्यावर उभं करायचे, पावशेर वाढलं तरी सगळ्यांदेखत "म्हशी" म्हणायचे आणि दोरीच्या तुकड्यानं पोटऱ्यांवर वळ उठवायचे. आपण त्याला मार म्हणतच नव्हतो. "सरांनी तयारी करून घेतली" असं म्हणत होतो.

मोठ्या शिक्षेची त्यांची पद्धत ठरलेली होती. चुकलेल्या मुलीनं दोरी मांड्यांत आवळून उलटं व्हायचं, डोकं खाली, हात मोकळे. दुसऱ्या मुलीनं खाली उभं राहून मोठ्यानं आकडे मोजायचे. साधी चूक असेल तर पन्नास, मोठी असेल तर शंभर. सर स्वतः कधी मोजत नसत. खुर्चीत बसून पेपर वाचत. मोजणारीचा आवाज फाटकापर्यंत गेला पाहिजे, एवढीच त्यांची अट.

तुझं मोजणं ऐकण्यासारखं असायचं. एकोणतीस आणि एकोणचाळीस हे आकडे तुला येतच नव्हते. "येवडा लांबलचक आकडा म्हनंस्तोवर वरची पोरगी आटपंल की गं," असं तू म्हणायचीस. पंचवीसला हटकून तुला ठसका लागायचा आणि ठसका थांबला की तू बत्तिसावर असायचीस. सगळ्या पोरी खाली मान घालून हसू दाबायच्या. दोनदा सरांनी तुला पकडलं. वरच्या मुलीला उतरवलं, तिच्या जागी तुला चढवलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून." तिसऱ्या वेळी तू पुन्हा ठसकलीसच.

मी मात्र एकही आकडा गाळत नव्हते. "मोजायला वैशाली. तिच्यात लबाडी नाही," असं सर म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, नसीम. खरंच वाटायचा. सात वर्षांत सरांनी मला एक फटका दिला नाही. इतर पोरींच्या पोटऱ्या निळ्या असायच्या, माझ्या कोऱ्या. मी त्याला माझी हुशारी समजत होते. सरांनी मला मारलं नाही आणि त्या बदल्यात मी त्यांची झाले, हा सौदा कळायला मला चौतिशी गाठावी लागली.

आता त्या दिवसाचं लिहिते. आपण त्यावर इतकी वर्षं एक अक्षर बोललो नाही.

आपण सोळा वर्षांच्या होतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती तुला किंवा मला मिळणार होती. ईदला सरांनी तुला घरी सोडलं नव्हतं, म्हणून तुझी अम्मी चार दिवसांनी शीरखुर्म्याचा डबा घेऊन एसटीनं साताऱ्याला आली आणि फाटकातूनच डबा देऊन परत गेली. तू टाकीमागं बसून अख्खा डबा संपवलास. दोन चमचे मलाही भरवलेस. ते दोन चमचे मी कधी कुणाला सांगितले नाहीत.

सकाळी काट्यावर तुझं वजन सहाशे ग्रॅम जास्त भरलं. सरांनी विचारलं, "कुणी दिलं खायला?" अम्मीचं नाव सांगितलं तर तिचं फाटकापाशी येणंही बंद होईल, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तू म्हणालीस, "लय भूक लागली व्हती सर." सर म्हणाले, "शंभर. वैशाली, मोज."

चाळिशीच्या आसपास सरांचा फोन वाजला. ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि आपल्याकडं पाठ करून बोलत राहिले. सगळ्या पोरींनी माझ्याकडं पाहिलं. तूही पाहिलंस. तुझा चेहरा लालकाळा झाला होता, वेणी खाली लोंबत होती, आणि तशात तू एक डोळा बारीक केलास. तू माझ्याकडं एवढंच मागत होतीस की आता थोडी पुढं पळ. बेचाळीसवरून सत्तरवर उडी मारली असती तरी कुणाला कळलं नसतं.

बेचाळीसनंतर मी त्रेचाळीस म्हणाले.

मी घाबरले होते, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. सर तर पाठमोरे होते, मग मी घाबरले कुणाला? खरं ते असं आहे की जागा एक होती आणि तुझं काम माझ्याहून देखणं होतं. मला ती जागा पाहिजे होती. मी नुसतं सरळ मोजलं नाही, मी सावकाश मोजलं. प्रत्येक आकडा स्वच्छ, ठासून, फाटकापर्यंत जाईल असा. एक्क्याऐंशीला तुझी पकड सुटली आणि तू गादीच्या कडेवर उजव्या खांद्यावर पडलीस. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, त्याला कशाची उपमा द्यायची मला इच्छा नाही.

सर धावत आले, पांढरेफटक पडले, तुला उचलून रिक्षात घेऊन बसले. मी तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. निम्म्या वाटेत सर म्हणाले, "न्हाणीघरात पाय घसरला. बरोबर ना?" माझ्याआधी तूच म्हणालीस, "व्हय सर."

दवाखान्यात सर औषधं आणायला गेल्यावर मी तुला विचारलं, असं का म्हणालीस. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "खाल्लं म्हनून टांगलं हे अम्मीला कळलं, तर ती जन्मात कवा शीरखुर्मा करायची न्हाई. सोड की." तुझा खांदा मोडला होता आणि तू आईच्या सणाची काळजी करत होतीस. मी? मी मनात संघाची जागा मोजत होते.

संध्याकाळी अम्मी आली आणि मला विचारलं, "कशी पडली गं?" मी म्हणाले, "न्हाणीघरात पाय घसरला, खाला." तिनं मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "तू हायस म्हनून माज्या पोरीची काळजी न्हाई मला." तिच्या ओढणीला तुमच्या घराचा तो हळदीचा वास होता. मी रडले. तिला वाटलं, मी तुझ्यासाठी रडतेय.

संघात मी गेले. पदक मिळालं, त्या प्रमाणपत्रावर पुढं खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली. आज मी कोरेगावच्या हायस्कूलमध्ये खेळाची बाई आहे, माझ्या नावाआधी मुलं ‘मॅडम’ लावतात. तुझा उजवा हात पुन्हा कानाच्या वर गेला नाही. तू डाव्या हातानं केस विंचरायला शिकलीस, भावाच्या हळदीच्या दुकानात बसायला लागलीस, आणि दर दिवाळीला माझ्याकडं हळदीची पुडी घेऊन यायचीस. "फौजदारीन बाई, हाय का घरात?" अशी दारातूनच हाक. मी प्रत्येक वेळी तुला जेवायला घालायचे, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आज बोलू. तू असलं काही तरी बोलायचीस की हसून हसून पोट दुखायचं आणि विषय राहून जायचा. तू मुद्दाम हसवायचीस, हे मला समजत होतं. मी त्याचा फायदा घेत होते.

एक गोष्ट तुला कधी कळली नाही. गेल्या वर्षी आठवीच्या दोन मुली मैदानावर उशिरा आल्या. मी एकीला उठाबशा काढायला लावल्या आणि दुसरीला म्हणाले, "मोज." ती बारीकशी पोरगी मोजायला लागली आणि अकरानंतर एकदम सोळा म्हणाली. माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "पहिल्यापासून." पोरगी बिचारी पहिल्यापासून मोजायला लागली. मी तिथून निघून गेले आणि नळाखाली तोंड धुतलं. पण थांबवलं नाही तिला. उठाबशा पुऱ्या झाल्या.

ह्या उन्हाळ्यात तू हळदीशिवाय आलीस, हातात प्लास्टिकची फाइल घेऊन. मधली सुट्टी होती. खेळाच्या खोलीत, लेझमांच्या ढिगाशेजारी आपण बसलो. तुझ्या भावाच्या सात वर्षांच्या लेकीला दोरी शिकायची होती. तिला घेऊन तू साताऱ्याला गेलीस आणि दारातूनच परत फिरलीस.

"एक वर टांगलेली, एक खाली मोजतीया," तू म्हणालीस. "अजून तसंच हाय गं वैशे. खुर्ची तेवडी नवी हाय."

फाइलीत तक्रार होती. तू स्वतःचं सगळं लिहिलं होतंस आणि खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीची जागा सोडली होतीस. त्या तक्रारीत माझ्या मोजण्याबद्दल एक शब्दही नव्हता. ‘दुसऱ्या मुलीला मोजायला लावले’ एवढंच. दुसरी मुलगी. नाव नाही.

मी म्हणाले, "कशाला उकरून काढतीस गं? सर आता म्हातारे झाले. आन सर नसते तर मी आज गावाकडं शेरडं राखत असते."

"शेरडांस्नी कुनी उलटं टांगत न्हाई," तू म्हणालीस.

मग मी ते बोलले. "तुजं संपलं म्हनून तुला सरांचं बघवत न्हाई." बोलताना मला माहीत होतं मी काय बोलतेय.

तू लेझमांकडं बघितलंस. मग इतक्या हळू विचारलंस की मला पुढं झुकावं लागलं. "मी तुला कवा काय म्हनले का गं वैशे? इतक्या वर्सांत? येकदा तरी?"

ह्याच्यावर तुझे पाय धरायचे होते मी. मी म्हणाले, "माझा तास हाय." घंटा झालेली नव्हती. तुलाही ते ऐकू येत होतंच. तू फाइल उचललीस, डाव्या हातानं, आणि गेलीस.

माझ्या सहीशिवायच तू तक्रार दिलीस. पावसाळ्याच्या तोंडाला त्या चौकशी समितीतल्या एका बाईंचा फोन आला. फार सभ्य बोलत होत्या. तुमच्यासमोर असं काही घडलं का, म्हणाल्या. मी म्हणाले, "तसं माझ्या पाहण्यात काही आलं नाही. सर कडक होते, पण शिस्तीपुरते." त्यांनी ते वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. मी म्हणाले, बरोबर आहे. माझं म्हणणं तुझ्यापर्यंत जाईल असं मला वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी तुझा मेसेज आला. एकच शब्द, ‘वाचलं.’

त्याच आठवड्यात सरांनी मला राज्य स्पर्धेला पंच म्हणून बोलावलं. मी गेले. निळा कोट घालून टेबलाशी बसले, छोट्या पोरींना गुण दिले, जेवणात दोन गुलाबजाम खाल्ले. तीन महिन्यांनी तू गेलीस.

जियारतीच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा सांगलीला आले. ह्या वेळी घरात गर्दी नव्हती. अम्मी तुझे कपडे घड्या करून पिशव्यांत भरत होती, गरजवंतांना द्यायला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "खाला, ती न्हाणीघरात पडली न्हाई." दोरी सांगितली, टांगणं सांगितलं, माझं मोजणं सांगितलं, सर पाठमोरे होते तेही सांगितलं. उन्हाळ्यातली तक्रार सांगितली, माझा जबाब सांगितला. तुझा पिस्ता रंगाचा कुर्ता मांडीवर घेऊन ती ऐकत राहिली. मधे एकदाच बोलली.

"कशापायी टांगलं व्हतं?"

मी थांबले. मग म्हणाले, "सरावाला उशीर झाला व्हता."

"किती?"

"धा मिंटं."

एवढी एक थाप ठेवली, नसीम. ती तुझी होती, माझी नव्हती. मोडायचा मला हक्क वाटला नाही.

अम्मीनं मान हलवली. मग विचारलं, "तवा तू केवडी व्हतीस?"

"सोळा."

"लेकरूच की," ती म्हणाली आणि तिचा हात माझ्या डोक्याकडं आला. अर्ध्या वाटेत थांबला. "आन ह्या साली?"

"चौतीस."

तिनं हात मागं घेतला. पुन्हा कुर्त्याची घडी घालायला लागली, बाह्या आत, मग गळा, मग मधोमध. मी मदत म्हणून पुढचा कुर्ता उचलला तर तिनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. रागानं नाही, आवाजसुद्धा चढला नाही तिचा. मी उठून आले. तिनं ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. शरमेनं मान खाली जाते म्हणतात, माझी त्या दिवशी स्टॅंडपर्यंत वर आली नाही. सिटी बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं जायचंय.

सोमवारी मी चौकशीच्या कचेरीत फोन केला. त्यांनी सांगितलं की तक्रारदारच हयात नसल्यामुळं प्रकरण आता पुढं जाईल असं दिसत नाही. मग माझा जबाब बदलून द्यायचाय, मी म्हणाले. तिकडचे गृहस्थ म्हणाले, "जबाब बदलून काय होणार बाई? तक्रारच उरली नाही तर साक्षीदार कुणाचा?" ते खरंच होतं. तुझी साक्षीदार व्हायची वेळ मी घालवली होती. आता करायचं तर स्वतःच्या नावानं.

चार पानं लिहिली. हातानं, शाईच्या पेननं, मधल्या सुट्टीत, त्याच खेळाच्या खोलीत बसून. ‘दुसऱ्या मुलीला मोजायला लावले’ हे वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा मी माझं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. जूनमधला जबाब खोटा दिला हे लिहिलं. मैदानावरच्या त्या आठवीच्या पोरीचंही लिहिलं, कारण ते सोडलं असतं तर बाकीचं कागदावर फारच शोभून दिसलं असतं. मुख्याध्यापकांना आधी दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "मॅडम, नोकरीचा विचार केलाय ना?" मी म्हणाले, केलाय सर, म्हणूनच इतकी वर्षं लागली. गुरुवारी साताऱ्याला जाऊन अर्ज दिला, प्रतीवर शिक्का घेतला. शिक्का मारणाऱ्या माणसानं वर बघितलंसुद्धा नाही. मला उगाच वाटलं होतं की काहीतरी कोसळेल.

शुक्रवारी सरांचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. त्यांचा आवाज ऐकला आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चौतीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, हातात लाल पेन, आणि टाचा जुळवून सरळ उभी. शेजारच्या बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

"वैशाली," सर म्हणाले, "कुणी लिहून घेतलं गं हे तुझ्याकडून?"

"मी लिहिलंय, सर."

आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. खरोखर कोड्यात पडल्यासारखं विचारत होते. "अगं पण तुला मी कधी बोट तरी लावलं का? आठव. एवढ्या पोरींत तुला कधी एक फटका दिला? कधी वर टांगलं?"

"नाही सर."

"मग?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

 मग त्यांनी फोन ठेवला. मी उभीच होते, ते लक्षात आल्यावर खाली बसले.

पुढं काय होईल मला माहीत नाही. केंद्रातल्या तीन मुलींचे आईबाप माझ्याशी फोनवर बोललेत, त्यातले दोन म्हणाले की बघू. ग्रुपवरून मला काढलंय. उद्या कुणीतरी नक्की म्हणेल की बाई मैत्रिणीसाठी उभी राहिली. मी तसं कुणाला म्हणू देणार नाही. तुझ्यासाठी उभं राहायचं होतं ते उन्हाळ्यात, तू फाइल घेऊन समोर बसली होतीस तेव्हा. आता जे करतेय ते आज वर टांगलेल्या पोरींसाठी आहे, आणि थोडं त्यांच्या खाली उभ्या केलेल्या पोरीसाठी. तुझं करायचं होतं, नसीम, ते राहिलं. ते आता कुणाला करता येणार नाही.